आधी नमुना, मग फी
पदवीनंतर व्हिज्युअल इफेक्ट्सच्या कामात शिरण्याचा मार्ग

धुळ्याचा यंत्रमागधारक कापडाचा तुकडा दाखवून ऑर्डर घेतो. जळगावचा चटईवाला आपला माल उलगडून ठेवतो. सराफ बाजारातील कारागिराला त्याची सनद कोणी विचारत नाही, हातातला दागिना पाहून मजुरी ठरते. आपल्या समाजाला धंद्याची ही रीत पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पण घरातला मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली आणि "मला सिनेमातील व्हिज्युअल इफेक्ट्सचे काम शिकायचे आहे" असे म्हणाली, की हीच मंडळी ही रीत विसरतात. कोणत्या तरी क्लासची रंगीत जाहिरात पाहून लाखाच्या घरातली फी भरण्याची तयारी होते. कोणी दागिने गहाण ठेवतो, कोणी माग विकायला काढतो.

अशा पालकांसाठी व तरुणांसाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. हे काम पदवीवर नव्हे, नमुन्यावर मिळते. म्हणून आधी नमुना, मग फी.

काम काय असते?

पडद्यावर इमारत कोसळते, माणूस उडतो, वाळवंटात महाकाय यंत्रे फिरतात. यातील बरेचसे संगणकावर तयार होते आणि खऱ्या चित्रणात बेमालूम मिसळले जाते. 'ड्यून' व 'ड्यून : पार्ट टू' या चित्रपटांना 2022 व 2025 साली व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. त्यांचे काम करणाऱ्या डीएनईजी कंपनीचे मोठे स्टुडिओ मुंबई व चेन्नई येथे आहेत.

नवीन मुलाला मात्र पहिल्या दिवशी राक्षस बनवायला देत नाहीत. त्याच्या वाट्याला तीन प्रकारची कामे येतात. पहिले रोटो, म्हणजे चित्रातील माणूस किंवा वस्तू कडेकडेने कापून वेगळी करणे. दुसरे पेंट, म्हणजे नको असलेली तार, दोरी, डाग पुसून मागचे चित्र भरून काढणे. तिसरे मॅचमूव्ह, म्हणजे कॅमेरा कसा हलला याचा हिशोब संगणकात बसवणे. हे सर्व तुकडे एकत्र जोडण्याच्या कामाला कंपोझिटिंग म्हणतात. ती पुढची पायरी. दुकानात नवा शागिर्द आधी काज-बटण करतो, कापड बेतायला नंतर मिळते, तसेच हे आहे.

एका शॉटचा धडा

रोटो ही कल्पना जुनी आहे. मॅक्स फ्लायशर याने 1915 च्या सुमारास अमेरिकेत रोटोस्कोप यंत्र तयार केले. आज काम संगणकावर होते, पण हाताची शिस्त तीच लागते.

समजा, एक माणूस रस्त्याने चालत येतो व शॉट 5 सेकंदांचा आहे. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे 120 फ्रेम झाल्या. नवखा मुलगा पूर्ण माणसाभोवती एकच रेघ काढतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये ती नव्याने ओढत बसतो. मग शॉट चालवून पाहिला की कडा थरथरताना दिसतात व काम परत येते.

बरोबर पद्धत अशी : आधी शॉट पुढे-मागे दहा वेळा नुसता पाहावा. मग डोके, धड, दंड, कोपराखालचा हात, पंजा, मांडी, पोटरी असे वेगवेगळे आकार करावेत. जिथे हालचालीची दिशा बदलते, म्हणजे पाय जमिनीला टेकतो किंवा सर्वांत वर उचलला जातो, त्या फ्रेम आधी पक्क्या कराव्यात. त्यानंतर त्यांच्या मधली फ्रेम, मग त्याच्याही मधली. आकारावरील बिंदू शक्य तितके कमी ठेवावेत. कोपरावरचा बिंदू शेवटपर्यंत कोपरावरच राहिला पाहिजे. जिथे चित्र वेगामुळे पुसट होते, तिथे कडही तितकीच मऊ करावी. शेवटी मागे एकरंगी पडदा टाकून सर्व शॉट चालवावा. चूक लपत नाही.

नकाशीकाम, जरीकाम किंवा पाट्या रंगवण्याचे काम ज्या घरात झाले आहे, तेथील मुलांना ही गोष्ट लवकर उमजते. नजर व सबुरी हेच या कामाचे खरे भांडवल होय.

नमुन्याची ताकद

दादासाहेब फाळके आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली पडद्यावर आला. त्याआधी, 1912 साली, भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, थोड्या थोड्या वेळाने त्याची चित्रे टिपली आणि अंकुराचे झाड होताना पडद्यावर दाखवले. ते पाहून भांडवलदार पुढे आला. मोठे भाषण नाही, प्रमाणपत्र नाही. मिनिटभराचा नमुना, तोही स्वतःच्या हातचा.

दुसरे उदाहरण आणखी जवळचे, धुळ्याहून आग्रा रोडने तासाभरावर असलेल्या मालेगावचे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये हिरव्या पडद्याच्या युक्तीने त्यांनी एका यंत्रमाग कामगाराला आकाशात उडवले. त्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, आणि 2025 साली 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपटही आला. साधने नाहीत, ही सबब या गावाने खोटी ठरवली. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. कौतुक जिद्दीचे होते, मजुरी कडेच्या सफाईची मिळते. स्टुडिओ तीच सफाई पाहतो.

नमुना कसा तयार करावा?

1. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते व त्यातच फ्यूजन आहे. स्टुडिओत चालणाऱ्या न्यूकचीही शिकणाऱ्यांसाठी बिनव्यापारी मोफत आवृत्ती आहे. चोरीच्या कॉपीची गरज नाही, आणि ते योग्यही नाही.

2. सरावाचे चित्रण मोबाईलवर स्वतः करावे. बाजारातील दुकानाची पाटी बदलून दाखवा, गल्लीवरच्या विजेच्या तारा पुसून दाखवा, चालत्या माणसाचे रोटो करा. ज्याचे दुकान, त्याची परवानगी घ्यावी.

3. असे चार-पाच शॉट जोडून एक-दीड मिनिटाचे शोरील करावे. सर्वांत चांगला शॉट आधी. आधीचे व नंतरचे चित्र दाखवावे आणि आपण नेमके काय केले ते लिहावे. कच्चा शॉट भरतीला घालू नये; पाहणारा सर्वांत कच्च्या शॉटवरूनच मत बनवतो.

4. दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवू नये. हे क्षेत्र लहान आहे, खोटेपणा पहिल्या मुलाखतीतच उघडा पडतो.

फी आणि करार

सहा महिने घरी असा सराव करूनही मुलाचे मन रमले, तरच क्लासचा विचार करावा. फी भरण्यापूर्वी त्या क्लासच्या जुन्या विद्यार्थ्यांचे शोरील मागावे. शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या चित्रपटांत काम केले, ते विचारावे. "शंभर टक्के नोकरी" असे म्हणणाऱ्याकडून ते लेखी मागावे, म्हणजे बहुतेक वेळा बोलणे तिथेच संपते. नोकरीसाठी अनामत रक्कम देऊ नये व मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नयेत.

शॉटवर मजुरी घ्यायची असेल, तर फ्रेमची संख्या, दर, दुरुस्त्या किती वेळा व पैसे केव्हा, हे आधी लिहून घ्यावे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहेच. शिवाय परदेशी कामात गुप्ततेची सक्त अट असते. चित्रपट प्रदर्शित होऊन परवानगी मिळेपर्यंत त्यातील एक फ्रेमही मित्रांना दाखवता येत नाही.

चढउतार ओळखावेत

या धंद्यात तेजी-मंदी मोठी आहे. 'लाइफ ऑफ पाय'चे इफेक्ट्स करणारी र्‍हिदम अँड ह्यूज कंपनी फेब्रुवारी 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याच महिन्यात त्या कामाला ऑस्कर मिळाले. 2023 साली हॉलिवूडमध्ये लेखक व कलाकारांचे संप झाले, त्याची झळ इथल्या स्टुडिओंना बसली. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर कोसळली व भारतात हजारोंची नोकरी गेली. रोटोचे बरेच काम आता यंत्रबुद्धीही करू लागली आहे. म्हणून रोटोवर थांबू नये, कंपोझिटिंगपर्यंत पोहोचावे. तोच हुनर जाहिरात, वास्तुरचना व शिक्षणाच्या चित्रफितींतही चालतो. सिनेमाच्या कामाबद्दल ज्या घरांत दीनी शंका आहे, त्यांनी ती आपल्या आलिमांना विचारावी आणि या इतर वाटाही समोर ठेवाव्यात.

मुंबईत नव्याचा पहिला पगार भाडे, खानावळ व लोकलच्या पासातच संपतो. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच गाडीत बसावे. तो खर्च व्याजी कर्जावर उभा करू नये. भाऊबंदांकडून कर्जे हसना मिळाले, तर तेही लिहून घ्यावे.

मुलगा-मुलगी म्हणेल, "मला हेच करायचे आहे." पालकांनी रागावू नये, लगेच खिशातही हात घालू नये. एवढेच म्हणावे, "बेटा, पाच सेकंदांचा एक शॉट करून दाखव." तो जमला तर मेहनतीला वाट मिळाली, इन्शाअल्लाह रोजीही मिळेल. नाही जमला, तर घरचे दागिने आणि माग तरी जागच्या जागी राहतील.