चित्रपटांतील घरगुती संगणक : देखावा आणि सत्य

पडद्यावर एखादें यंत्र दिसलें म्हणजे तें आपणांस कळलें, असा पुष्कळ प्रेक्षकांचा समज असतो. हा समज कितपत खरा, याचा विचार दोन अमेरिकन चित्रपटांच्या आधारें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

१९८३ सालीं ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांतील डेव्हिड नांवाचा शाळकरी मुलगा आपल्या खोलींतील संगणकावरून दूरच्या संगणकांशीं संधान बांधतो. त्याचें यंत्र ‘इम्साय ८०८०’ या जातीचें होय. तें १९७५ च्या अखेरीस विक्रीस आलें होतें. म्हणजे चित्रपटाच्या वेळीं तें जुनेंच झालें होतें. तथापि त्याच्या दर्शनी भागावरील तांबड्या-निळ्या कळा व लुकलुकणारे दिवे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात.

डेव्हिड टेलिफोनचा रिसीव्हर रबरी खोबणी असलेल्या एका साधनांत ठेवतो. तें साधन संगणकाचे संकेत ध्वनींत बदलून तारेवरून पाठवितें, व तिकडून आलेल्या ध्वनींचे पुन्हां संकेत करितें. हें सर्व खरें. त्या काळीं कित्येक जण असेंच करीत. परंतु पुढें त्याच खोलींत संगणक मनुष्यवाणीनें बोलूं लागतो, तो केवळ देखावा होय. तो आवाज जॉन वुड या नटाचा आहे.

१९८४ सालच्या ‘द टर्मिनेटर’मध्यें २०२९ सालाहून आलेला यंत्रमानव आहे. त्याच्या दृष्टीपुढें ज्या आज्ञांच्या ओळी सरकतात, त्यांत ‘६५०२’ नांवाच्या प्रोसेसरसाठीं लिहिलेल्या ओळी आहेत. आणि हाच प्रोसेसर १९७७ सालच्या ‘ॲपल टू’ या घरगुती संगणकांत होता. भविष्यकाळचें यंत्र दाखवावयाचें, तरी सामग्री हाताशीं असलेलीच घ्यावी लागली!

आतां पुन्हां ‘वॉरगेम्स’कडे वळूं. त्यांतील सर्वांत खरी गोष्ट यंत्राविषयीं नाहींच. डेव्हिड शाळेच्या संगणकांत शिरून आपले गुण बदलतो. त्यासाठीं तो कोणतेंही कूट सोडवीत नाहीं. शाळेच्या कचेरींत सांकेतिक शब्द कागदावर लिहून ठेविलेले असतात, ते त्यानें पाहिलेले असतात. कुलूप भक्कम, पण किल्ली खुंटीवर, असा हा प्रकार.

अध्यक्ष रेगन यांनीं जून १९८३ मध्यें हा चित्रपट पाहिला, आणि असें खरोखर घडूं शकेल काय, असें सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल व्हेसी यांस विचारलें. चौकशीअंतीं उत्तर आलें कीं, स्थिति वाटते त्याहून पुष्कळ वाईट आहे. सप्टेंबर १९८४ मध्यें सरकारी संगणकांच्या सुरक्षिततेविषयीं अध्यक्षांचा आदेश निघाला.

विद्यार्थिमित्रहो, हाच चित्रपट असंख्य लोकांनीं पाहिला. बहुतेकांस दिवे व आवाज आठवत असतील. एकास प्रश्न सुचला, आणि त्या प्रश्नानें राज्यकारभार हालविला. डोळे दिपणें म्हणजे ज्ञान होणें नव्हे. ‘यांत खरें किती?’ असें विचारणाऱ्यासच पाहण्याचें फळ मिळतें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरांतील पासवर्ड भिंतीवर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवूं नयेत. आणि डेव्हिडच्या युक्तीचें ज्यांस कौतुक वाटेल, त्यांनीं एवढें ध्यानांत धरावें : गुणपत्रिकेंतील आंकडा बदलल्यानें डोक्यांतील विद्या तिळभरही वाढत नाहीं.