वाहनदुरुस्ती आणि रंगाचे रक्षण

नागपूर-अमरावती महामार्गावर, तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला. पुण्यतिथी महोत्सवाच्या दिवसांत या मार्गावर वाहनांची वर्दळ आणखी वाढते. अशा ठिकाणी वाहनास लहानमोठी ठोकर बसणे नवे नाही. नवल वाटावे ते पुढेच. ठोकर एका दारास बसलेली असते. परंतु दुरुस्तीनंतर बोनेट, टप व काचा यांवरही डाग दिसू लागतात. हे नुकसान अपघाताचे नसून दुरुस्तीतील हयगयीचे असते व ते टाळता येते.

पंचायत समितीची जीप, आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका वा शाळेची बस जनतेच्या पैशातून आलेली असते. तिचा रंग ही केवळ शोभा नव्हे. पत्र्यास गंजापासून वाचविणारे ते कवच होय.

रंगाचे थर

आधुनिक मोटारीवर गंजरोधक लेप, प्रायमर, रंग व सर्वांत वर पारदर्शक थर असे क्रमाने चढविलेले असतात. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः ०.१ मिलिमीटर, म्हणजे जाड कागदाच्या पानाएवढीच भरते. पॉलिशने चरे घालविताना वरचा थर झिजतो. म्हणून चरे पडू न देणे हाच खरा उपाय होय.

काम सुरू होण्यापूर्वी

वाहन प्रथम भरपूर पाण्याने धुवावे. धुळीत वाळूचे कठीण कण असतात. धुळीवरच आच्छादन टाकून ते ओढले, तर आच्छादनच चरे पाडते. त्यानंतर वाहनाची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आधीचे डाग नोंदवून त्या नोंदीवर गॅरेजचालकाची व आपली स्वाक्षरी असावी.

पत्राकाम

ग्राइंडर व वेल्डिंगच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोहकण. ते रंगात व काचेत रुततात आणि पुढे गंजून तांबूस ठिपके उमटतात. त्यांपासून बचावासाठी न पेटणारे वेल्डिंगचे आच्छादनच हवे. प्लास्टिक वितळते, साधी चादर पेटते. ब्रेक ऑइल रंगास मऊ करून उखडते. ते सांडल्यास न घासता ताबडतोब पाण्याने धुवावे.

लांबी व रंगकाम

लांबी घासताना पॉलिश पेपर शेजारच्या दारावर सहज घसरतो. म्हणून कडांना मास्किंग टेप लावावी. वर्तमानपत्राने वाहन झाकण्याची प्रथा सोयीची, पण सदोष आहे. थिनर त्यातून झिरपतो आणि शाई रंगावर उमटते. त्याऐवजी मास्किंगचा कागद वापरावा. वऱ्हाडच्या उन्हात टेप दिवसेंदिवस राहिल्यास तिचा डिंक चिकटून बसतो. काम होताच ती काढावी.

स्प्रे गनमधून उडालेले सूक्ष्म कण दूरवरच्या भागावरही बसतात. यास्तव केवळ शेजारचा भाग नव्हे, तर संपूर्ण वाहन झाकणे अगत्याचे आहे. हार्डनर मिसळून वापरावयाच्या अनेक रंगांत आयसोसायनेट असते. त्याने दम्याचा विकार जडू शकतो. कारागिराच्या तोंडावरील रुमाल यास पुरेसा नाही. योग्य श्वसनरक्षक साधन हवे. असे काम शाळेच्या वा वस्तीच्या लगत उघड्यावर होऊ देऊ नये.

ताबा घेताना

वाहन दिवसाच्या उजेडात पाहावे. रात्री दिव्याखाली दोष लपतात. छायाचित्रांशी प्रत्येक भाग ताडून पाहावा. स्वच्छ पृष्ठभागावरून हात हळुवार फिरवावा; खरखर लागल्यास रंगाचे कण बसले आहेत असे समजावे व ते तेथेच काढून घ्यावेत. नव्या रंगावर मेण लावण्यापूर्वी रंग कंपनीने सांगितलेली मुदत पाळावी. ही मुदत बहुधा महिन्याभराची वा त्याहून अधिक असते.

दरपत्रकातील एक ओळ

आच्छादनास वेळ व मजुरी लागते. दरपत्रकात त्याचा उल्लेख नसेल, तर कमी दराच्या स्पर्धेत हेच काम गाळले जाण्याचा संभव असतो. म्हणून कार्यादेशातच ‘दुरुस्तीबाहेरील सर्व भाग झाकून काम करावे’ अशी अट घालावी आणि त्याचा मोबदलाही मान्य करावा. औद्योगिक प्रशिक्षणात मोटारीच्या सांगाड्याची दुरुस्ती व रंगकाम हे स्वतंत्र व्यवसाय म्हणून शिकविले जातात. शिक्षकांनी हाताच्या कौशल्याची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांची माहिती द्यावी. कारागीर जाणता आणि काम सोपविणारा दक्ष असेल, तर एका दाराच्या दुरुस्तीपायी साऱ्या वाहनाचा रंग खर्ची पडणार नाही.