बटणं दाबून झाली, पुढे काय?

प्रश्न : आमच्या तिसरीच्या मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात नेणार आहोत. मुलं नुसती बटणं दाबत पळतात. माहिती लिहून घ्यायला लावावी का?
– एक शिक्षिका, कल्याण

उत्तर : बाई, वह्या शाळेतच ठेवा. हातात वही आली की मुलं पाट्या उतरवत बसतात आणि प्रयोगाकडे पाठ फिरवतात. १९८५ साली सुरू झालेलं हे केंद्र मुळात हाताळण्यासाठीच आहे. थोडं पळू द्याच.

तयारी मात्र आदल्या दिवशी वर्गात करा. प्रत्येकाला घरून स्टीलचा चकचकीत चमचा आणायला सांगा. खोलगट बाजूत चेहरा उलटा दिसतो, पाठीमागे सुलटा पण चिमुकला. का, ते सांगू नका. दुसऱ्या दिवशी तिथल्या वक्र आरशांसमोर त्यांना पुढे-मागे चालायला लावा. अंतर्गोल आरशाच्या अगदी जवळ चेहरा सुलटा आणि मोठा, मागे सरकत गेलं की एका टप्प्यानंतर उलटा! तो टप्पा त्यांनाच शोधू द्या. वाद होतील, होऊ द्या.

सगळी दालनं पाहायचा हट्ट नको, दोन पुरेत. आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. आणि डबा आधी, दालनं नंतर; भुकेल्या पोरांना न्यूटनही आवरणार नाही.