मॅक्सीनमावशी
मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. १९६६ साली त्या सातारा जिल्ह्यातील फलटणला राहायला आल्या. तिथले लोक मराठी कसे बोलतात, याचा त्यांनी अभ्यास केला. ज्या मुलांना वाचता येत नव्हते त्यांना शिकवले. १९७८ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. १९८६ साली त्यांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी शाळा काढली.

आमच्या वर्गात बांधकामावरच्या कामगाराचा मुलगा आहे. तो पाण्याला 'पानी' म्हणतो. मी त्याला हसले होते. आई म्हणाली, "अगं, तुझी आजीपण पानीच म्हणते की!" मला लाज वाटली. फलटणचे लोक मावशींच्या मराठीला हसत बसले असते, तर ती शाळा निघाली असती का?

आता मी त्याला बाराखडी शिकवते. मुलांनो, कुणाच्या बोलण्याला हसू नका.