एका टेबलावर दोन मॉनिटर

बंगळूर-पुण्याच्या कंपनीचं काम हुबळीच्या देशपांडे नगरातल्या घरी बसून करायचं, तर एका पडद्यावर एक्सेल, मेल आणि मीटिंग मावत नाही. दुसरा मॉनिटर लागतोच. पण कोप्पीकर रोडवर चौकशीला जाण्याआधी निम्मा निर्णय घरातच घ्यायचा असतो.

काय करावे

• आधी संगणकाची मागची बाजू बघा. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, व्हीजीए यांपैकी काय काय आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या घरगुती संगणकाला बहुधा एचडीएमआय एकच असतं, पण शेजारच्या निळ्या व्हीजीएवर दुसरा मॉनिटर चालतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संगणकांत त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कार्ड आधीच बसवलेलं असेल, तर दोन्ही वायरी कार्डालाच जोडा.

• टेबल मोजा. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे चार फुटी टेबलावर दोन बसतात. २७ इंची दोन ठेवलेत, तर टेबल काठोकाठ भरेल आणि चहाचा कप हातात धरून बसावं लागेल.

• २४ इंच, फुल एचडी, आयपीएस पॅनेल. कमी पैशांत यापलीकडे जाऊ नका. २७ इंचावर तेच ठिपके पसरतात, इंचाला ९२ऐवजी ८२ उरतात. इंग्रजी अक्षरं तरी निभावतात. मराठी-कानडी जोडाक्षरं फिसकटलेली दिसतात.

• पैसे कमी असतील तर समोरचा नवा आणि बाजूचा जुना घ्या. ऑफिसांतून निघालेले १९ इंची चौकोनी मॉनिटर लोक हसण्यावारी नेतात, पण त्यांच्या पडद्याची उंची २४ इंची रुंद पडद्याइतकीच, जवळपास ३० सेंटीमीटर भरते. शेजारी ठेवले की माउस सरळ रेषेत पलीकडे जातो. मेल आणि पीडीएफ उघडून ठेवायला याहून स्वस्त सोय नाही.

• जुना घेताना दुकानातच लावून बघा. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे आणून मेलेले ठिपके शोधा. ट्यूबचा प्रकाश असलेले जुने पडदे पिवळट पडतात आणि वीजही जास्त खातात, तेव्हा एलईडीच मागा.

• वॉरंटीचा माणूस घरी येतो का, ते विचारा. येत नसेल तर सर्व्हिस सेंटर हुबळीतच आहे की मॉनिटर बसमध्ये घालून न्यावा लागेल?

काय टाळावे

• एचडीएमआय स्प्लिटर. त्याने दोन्हीकडे एकच चित्र दिसतं, आणि आपल्याला दोन वेगळी हवी असतात.

• लॅपटॉपला टाइप-सी आहे म्हणजे मॉनिटर चालेलच, असं धरून चालणं. काही टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला तर बाहेरचा एकच मॉनिटर थेट जोडता येतो.

• १६५ हर्ट्झ, वक्र पडदा, खोक्यावरचं एचडीआर. हिशेबाच्या कामाला ६० किंवा ७५ हर्ट्झ पुरे. स्वस्त मॉनिटरवरचं एचडीआर हे बहुतेकदा खोक्यापुरतंच असतं.

• मॉनिटर खिडकीसमोर किंवा खिडकीला पाठ करून ठेवणं. खिडकी बाजूला आली की डोळे वाचतात.

• मॉनिटरच्या स्पीकरसाठी जादा पैसे. सवाई गंधर्व हॉल आणि गायिका गंगूबाई हनगलांचं ‘गंगालहरी’ हे घर ज्या देशपांडे नगरात आहे, तिथे तरी त्या पत्र्याच्या आवाजात किराणा घराणं ऐकू नये.

• दोन्ही मॉनिटर छोट्या यूपीएसच्या बॅटरीवर लादणं. एलईडीचा २४ इंची मॉनिटर २०-२५ वॅटच घेतो, पण वळवाच्या दिवसांत वीज गेली की मिनिटं मोजूनच मिळतात. संगणक, राउटर आणि समोरचा मॉनिटर बॅटरीच्या सॉकेटवर ठेवा. बाजूचा नुसत्या सर्जच्या सॉकेटवर लावा. तो विझला तरी फाइल सेव्ह करायला एक पडदा पुरतो.