भिंत घेण्याआधी वाचणारा ठरवा

व्हिडिओ वॉल बसवायची ठरली की संस्थेत पहिली चर्चा होते ती आकाराची. तीन बाय तीन की चार बाय दोन, एलसीडी की एलईडी, दोन पॅनेलांमधली रेघ 3.5 मिलिमीटरची की 0.88ची. माझ्या मते हे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीतले आहेत. पहिल्या बैठकीत एवढंच ठरवावं: ही भिंत कोण वाचणार, कुठून वाचणार आणि वाचल्यावर काय करणार? याचं उत्तर नसताना घेतलेल्या भिंतीवर लवकरच बोधचिन्ह आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा फिरू लागतात. माणसं तिच्याकडे बघेनाशी होतात, आणि मग खरोखर तातडीची सूचना आली तरी ती कुणाच्या नजरेत भरत नाही. मला काळजी वाटते ती याची.

सगळ्यांना एकाच वेळी दिसणाऱ्या भिंतीचं मोल 14 ऑगस्ट 2003च्या वीजबंदीने दाखवून दिलं. ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात इशारे देणारी संगणकप्रणाली दुपारी बंद पडली, आणि ती बंद आहे हेच तिथल्या ऑपरेटरांना तासाभराहून अधिक काळ उमगलं नाही. वाहिन्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि अमेरिका-कॅनडातले सुमारे 5 कोटी लोक अंधारात गेले. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी अहवालात नोंद आहे, की इतर अनेक कक्षांत असतो तसा वाहिन्यांचा मोठा भिंत-नकाशा या कक्षात नव्हता. असता, तर कुठे काय बंद पडलंय हे कदाचित दिसलं असतं. दुसऱ्या टोकाला 1979चा थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात आहे. तिथे पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे सुरू झाले, आणि त्यातले बिनमहत्त्वाचे बाजूला सारायची सोयच नव्हती. म्हणून भिंतीवर काय नसावं, हे आधी लिहून काढणं मला जास्त मोलाचं वाटतं.

इथे साधं अंकगणित कामी येतं. दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर निदान एक इंच उंच हवं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे 50 फुटी दालनाच्या मागच्या टोकाला पाच इंची अक्षर लागेल. 55 इंची नऊ पॅनेलांची भिंत सुमारे 80 इंच उंच असते. देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार असतात, म्हणून ओळीला अक्षराच्या दुप्पट जागा दिली, तर अख्ख्या भिंतीवर आठ ओळी मावतात. आठच! एक्सेलचा तक्ता तिथे लावण्यात अर्थ नाही. 1920 बाय 1080ची स्लाइड नऊ पॅनेलांवर ताणली तर मोठी दिसते, पण तिच्यात नवा तपशील येत नाही. शिरोरेषा नेमकी पॅनेलांच्या सांध्यावर आली की ओळ वाचताना डोळे अडखळतात, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. पुरवठादार फुलांच्या नि समुद्राच्या चित्रफिती दाखवतील. तुम्ही मात्र तुमची रोजची मराठी सूचना लावायला सांगा आणि दालनाच्या मागच्या भिंतीपाशी उभे राहून ती वाचा.

प्रत्येकाच्या खिशात फोन असताना हा खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे, आणि बऱ्याच कार्यालयांना तो लागूही पडतो. पण यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराच्या हाती फोन नसतो. शिवाय फोनवरचा संदेश जो तो आपापल्या वेळी वाचतो. भिंतीवरच्या आकड्याकडे बोट दाखवून चार जण तिथल्या तिथे बोलू शकतात. भिंत पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून हवी असेल, तर तसं उघड म्हणावं. त्याला एक मोठा पडदाही बहुधा पुरतो.

खर्चाचं गणित खरेदीपाशी संपत नाही. 50,000 तासांचं आयुष्य सांगितलेलं पॅनेल अहोरात्र चालवलं तर सहा वर्षांच्या आत ते तास संपतात, रोज दहा तास चालवलं तर तेरा वर्षांहून अधिक पुरतात. मध्येच एक पॅनेल बदललं की त्याचा रंग आणि उजेड शेजाऱ्यांशी जुळत नाही, म्हणून त्याच खेपेतलं एखादं जादा पॅनेल सुरुवातीलाच घेऊन ठेवावं. आणि निविदा काढण्यापूर्वी, भिंतीवरचा मजकूर रोज बदलण्याची जबाबदारी कुणाची, हे त्या व्यक्तीच्या नावानिशी लिहा. ते नाव सुचत नसेल, तर खरेदी पुढच्या वर्षावर ढकला.