भाड्याची पावती लिहून घेऊ नकोस

नागपूर, 12 जानेवारी 2026

चि. बाळीस,


काल तू फोनवर विचारलंस ते दिवसभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. कंपनी बंगळूरची, तू काम करतेस घरच्या पुढच्या खोलीत. मे महिन्यात दिवसभर कूलर चालला, वाय-फाय घेतलं, खुर्ची आणली. हा खर्च करातून वजा होईल का?

नाही होत. पगारदारासाठी घरून काम करण्याची वेगळी वजावट आपल्या कायद्यात नाही. कोविडच्या काळात तशी मागणी झाली, पण ती मान्य झाली नाही. लंडनचा तुझा आतेभाऊ सांगतो तेही खरं आहे. तिथे आठवड्याला 6 पौंडांची वजावट मिळते, आणि कोविडच्या वर्षांत तर एक दिवस घरून काम केलेल्यालाही वर्षभराची मिळाली. पण तीही येत्या एप्रिलपासून बंद होतेय. आपल्याकडे सगळ्या पगारदारांना सरसकट स्टँडर्ड डिडक्शन आहे, नव्या करपद्धतीत 75 हजार. कूलर आणि खुर्ची त्यातच धरायची.

आता मैत्रिणीने सांगितलेली युक्ती. बाबांच्या नावाने महिना 15 हजार भाड्याच्या पावत्या करायच्या आणि घरभाडे भत्त्यावर सूट घ्यायची. बाळ, ही सूट फक्त जुन्या पद्धतीत आहे. तुझा पगार 11 लाख 40 हजार, मूळ वेतन त्याच्या निम्मं. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शनचे 50 हजार, व्यवसाय कराचे अडीच हजार, पीपीएफ-विम्याचे दीड लाख आणि त्या भाड्यापोटी 1 लाख 23 हजार वजा केले, तरी सेससह 78 हजारांच्या वर कर बसतो. नव्या पद्धतीत 75 हजार वजा जाता उरतात 10 लाख 65 हजार, आणि या वर्षापासून 12 लाखांपर्यंत रिबेट आहे. म्हणजे कर शून्य. खोटं बोलून 78 हजार भरायचे आणि खरं सांगून काहीच नाही!

आईवडिलांना भाडं देणं बेकायदा नाही. पण ते खरोखर दरमहा त्यांच्या खात्यात जायला हवं, वर्षाला लाखाच्या वर असेल तर त्यांचा पॅन द्यायला हवा, आणि त्यांच्या विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून दिसायला हवं.

माझ्याकडे एकदा एक मुलगा बारा पावत्या घेऊन आला होता. बारा महिन्यांच्या पावत्या, पण पेन एक, शाई एक, रेव्हेन्यू स्टॅम्पही एकाच पट्टीतले. त्यांच्या फाटलेल्या कडा एकमेकींना जुळत होत्या. आयकर खात्याची नोटीस आली होती. वडिलांच्या विवरणपत्रात भाड्याचा रुपया नव्हता. कर, व्याज, वर दंड. चुकीची माहिती दिली तर दंड कराच्या दुप्पट असतो. पैसे त्याने भरले. मला आठवतात ते त्याचे वडील, निवृत्त शिक्षक. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘सही माझीच आहे.’ भाऊजींना मला तसं बसलेलं बघायचं नाही.

असल्या पावत्या कोण बघतंय, असं मैत्रीण म्हणत असेल. पॅनवरून दोन विवरणपत्रं ताडून बघायला आता माणूसही लागत नाही. मागच्या जुलैत खात्याने खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. आणि हे खातं चालवणारे अधिकारी शिकून जातात ते आपल्याच छिंदवाडा रोडवरच्या प्रत्यक्ष कर अकादमीतून.

हक्काचं आहे ते मात्र सोडू नकोस. कामासाठीच्या फोन-इंटरनेटचं बिल तुझ्या नावावर करून घे आणि कंपनीकडे त्याची भरपाई माग. बिलावर मिळालेल्या भरपाईवर कर नाही; दरमहा ठोक भत्ता मिळाला तर मात्र तो पगारातच धरला जातो. लॅपटॉप स्वतः विकत घेऊ नकोस, कंपनीचा घे. वापरायला दिलेल्या लॅपटॉपवर कर लागत नाही. उद्या नोकरी सोडून स्वतःची कामं घेतलीस तर हिशेबच निराळा. तेव्हा खोलीचा, विजेचा कामापुरता वाटा खर्चात धरता येतो. त्या वेळी आपण नव्याने बसू. 1 एप्रिलपासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा येतोय, कलमांचे आकडेही बदलतील.

कंपनीच्या फॉर्ममध्ये नवी पद्धत ठेव, भाड्याचा रकाना रिकामा सोड. बाबांजवळ पावतीचा विषय अजून काढला नसशील तर काढूच नकोस. ते सही करतील, तुला नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच सांगतोय. कूलरचं बिल त्यांच्या पेन्शनमधून जातं. येत्या उन्हाळ्यात महावितरणचं बिल तू भर.

रविवारी पगाराची स्लिप घेऊन ये. मामी पाटवड्यांचा रस्सा करणार आहे.

तुझा,
मामा